किल्ल्यावरची गवळण

दिवाळीच्या किल्ल्यावर गवळण काय करते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. तो विचारला माझ्या पुतण्याच्या सात वर्षांच्या मुलीने. लोणीला भावाच्या अंगणात किल्ल्याचे काम चालले होते. तिचा भाऊ चित्रांचे खोके उघडून बसला होता आणि एकेक चित्र जागेवर ठेवत होता. पुण्याकडे मातीच्या या बाहुल्यांना ‘चित्रं’च म्हणतात. महाराज सिंहासनावर बसले, मावळे बुरुजांवर गेले, तोफ दरवाजात आली. मग त्याने डोक्यावर मडकी घेतलेली गवळण काढली आणि पायथ्याच्या वाटेवर उभी केली.

“आबा, लढाईच्या जागी ही दूध घेऊन कशाला आली?” मुलीने मला विचारले.

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात भावाने मान वर न करता सांगून टाकले, “ती असतेच.”

रूढीची याहून नेमकी व्याख्या मला करता आली नसती. पण इतिहास वाचणाऱ्या माणसाने ‘असतेच’ या शब्दावर थांबून चालत नाही. त्या गवळणीच्या मागे लागून मला जे सापडले, ते इथे मांडतो आहे.

गड नसलेल्या गावातला गड

लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात आहे. तालुक्याची पश्चिम बाजू सह्याद्रीत शिरलेली. तिकडे भीमाशंकराचे जंगल, धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. पूर्वेकडे येता येता पाऊस आटत जातो आणि लोणी-धामणीच्या माळापर्यंत पोचेतो जमीन बाजरी-ज्वारीची होते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात गडांची दाटी आहे : शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन, नारायणगड. नाणेघाटातून वर येणाऱ्या व्यापारी वाटेवर नजर ठेवायला यांतले काही उभे राहिले. आमच्या माळावर असा गड नाही. म्हणून की काय, लोणीतल्या मुलांचा किल्ला कुठल्याच एका गडासारखा नसतो. तो सगळ्या गडांचा मिळून एक असतो.

त्याची रीत ठरलेली. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की अंगणाचा एक कोपरा धरला जातो. दगड, विटांचे तुकडे, फुटकी कौले रचून उंचवटा करायचा. त्यावर भिजवलेले गोणपाट टाकायचे आणि वरून चिखलाचा लेप द्यायचा. चिखलात भुसा कालवला तर तडे कमी जातात, हे मोठी मुले लहानांना सांगतात. त्यांना ते कोणी सांगितले हे विचारू नये. घराच्या भिंतींना पांढरी माती आणि भुसा लागत असे त्या काळापासून हे ज्ञान गावात आहे. बुरुज डब्याच्या साच्यातून निघतो. पायऱ्या काडीने कोरायच्या. तळ्यासाठी बशी पुरायची. गुहा मात्र हाताने पोखरायची, कारण तिच्यात वाघ बसवायचा असतो. मग ओल्या मातीवर अळीव किंवा मोहरी पेरून दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचे. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. वसुबारसेला हिरवळ दिसायला हवी असेल तर पेरणी कधी करायची, याचा हिशेब सातवीतला मुलगा बिनचूक करतो.

आता चित्रांची मांडणी पाहा. वरच्या टोकाला सिंहासन. त्याखाली दरबार, बुरुज, तोफा, भालदार. ही झाली गडाची वरची बाजू. खालची बाजू वेगळीच आहे. तिथे गवळण, ताकाचा डेरा, तराजू घेतलेला वाणी, बैलगाडी, नांगर धरलेला शेतकरी, विहीर आणि तिच्यावर पाणी शेंदणारी बाई. वर राज्य आणि खाली गाव. एकाच ढिगावर ही दोन जगे नांदतात आणि मधून चुन्याच्या भुकटीची वळणदार वाट जाते.

हिरकणीचे उत्तर

शाळेत गेलेल्या कोणालाही गवळणीचे कारण विचारले तर तो हिरकणीचे नाव घेईल. कोजागरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली ही बाई, दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली आणि महाराजांनी त्या ठिकाणी बुरूज बांधवला, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. हिरकणी बुरूज आजही रायगडावर दाखवतात. कथा देखणी आहे. राजाच्या अभेद्य गडाचे उणे एका आईच्या पायांनी दाखवून दिले, असा तिचा गाभा आहे.

पण हिरकणीने गवळण उलगडली तरी वाणी उलगडत नाही. नांगर धरलेला शेतकरी नाही, विहिरीवरची बाईही नाही. शिवाय आमच्या किल्ल्यावरची गवळण कडा उतरताना कधी दिसत नाही. ती वाटेवर निवांत उभी असते आणि बहुधा एकटी नसते. तीन-चार जणी ओळीने असतात.

कारखानिसाचे उत्तर

दुसरे उत्तर कागदांतून मिळते. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर 1697 मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तीत गडाच्या कारभाराची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी एकमेकांना धरून चालायचे. सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, तर कारखानिसाकडे धान्य-सामग्री. म्हणजे गडाच्या किल्ल्यांपैकी एक कोठाराची होती. गड पडतो तो बहुतेक वेळा तोफेने पडत नाही. तो भुकेने आणि तहानेने पडतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातले दुर्गांचे प्रकरण वाचताना मुलांच्या किल्ल्याची हटकून आठवण होते. आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, गडावर झाडे लावावीत, अशी त्यातली शिकवण. आमच्या अंगणात बशी पुरल्याशिवाय बुरुजाला हात लावत नाहीत आणि अळिवाशिवाय किल्ला पुरा होत नाही. शिवनेरीवर गेलात तर हेच प्रत्यक्ष दिसते. सात दरवाजे ओलांडून वर आल्यावर आधी भेटते ती अंबरखान्याची मोठी इमारत, म्हणजे धान्याचे कोठार. पुढे गंगा-जमुना ही बारमाही पाण्याची टाकी. जन्मस्थानाची वास्तू त्यानंतर येते.

गडाच्या पायथ्याची वस्ती, माची, पेठ आणि घेऱ्यातली गावे वजा केली तर वर नुसता खडक उरतो. दूध, भाजीपाला, सरपण, गवत रोज खालून वर जात असे. तेव्हा गवळण गडाच्या वाटेवर असणे इतिहासाला धरूनच आहे.

एवढे मान्य करूनही माझे समाधान झाले नाही. सातवीतल्या मुलाने सभासदाची बखर वाचलेली नसते. त्याच्या आजोबांनीही वाचली नव्हती. तरी त्यांच्या खोक्यात गवळण होतीच. ती कागदांतून आलेली नाही. मग कोणत्या वाटेने आली?

अंगणातले गोकुळ

उत्तर मला त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मिळाले आणि ते मी लहानपणापासून पाहत होतो.

पुणे, नगर, सातारा या पट्ट्यातल्या अनेक गावांत दिवाळीच्या दिवसांत सकाळी सडा-सारवण झाल्यावर बायका दारापुढे शेणाच्या गवळणी घालतात. शेणाचे लहान-लहान गोळे वळून माणसांचे आकार करायचे : गवळणी, कृष्ण, पेंद्या, गाईगुरे. त्यांना झेंडूच्या पाकळ्या आणि रानफुले खोवायची, हळद-कुंकू वाहायचे. कोणी याला गोकुळ म्हणते. पाडव्याला काही घरांत शेणाचे पांडव होतात, कुठे बळीराजा होतो. तिकडे उत्तरेत त्याच दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, अंगणात शेणाचा गोवर्धन डोंगर करून त्याची पूजा करतात. माझी आई गवळणी घालायची तेव्हा आम्ही मुले चार हातांवर किल्ला लिंपत असायचो. तिचे काम देवाचे आणि आमचे खेळाचे, अशी आमची समजूत होती.

आता दोन्ही कामे शेजारी ठेवून पाहा. जागा एकच, अंगण. दिवस तेच, वसुबारस ते पाडवा-भाऊबीज. साहित्य जवळपास तेच, माती, शेण आणि पाणी. मधे डोंगर आणि त्याच्या अंगाखांद्यावर गाई, गुराखी, गवळणी. वर रुजवलेली हिरवळ. एका कोपऱ्यात हा डोंगर गोवर्धन आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात तो रायगड आहे. गवळण मात्र दोन्हीकडे तीच आहे.

माझे म्हणणे असे की, मुलांच्या किल्ल्याची खालची बाजू या गोकुळातून आलेली आहे. आपल्या पंचांगात मातीच्या खेळण्यांची एक माळच ओवलेली आहे. नागपंचमीला मातीचा नाग, बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात गणपती, हस्त नक्षत्रात हादग्याचा हत्ती, चैत्रात गौरीपुढची आरास. पीक-पाण्याच्या त्या-त्या टप्प्यावर जे महत्त्वाचे असेल त्याची लहान प्रतिमा करायची, चार दिवस जपायची आणि पुन्हा मातीला द्यायची. दिवाळीच्या सुमारास खरीप घरात आलेले असते आणि गाय-वासराची पूजा होते. त्या वेळी डोंगर, गुरे आणि दूधदुभते यांची प्रतिमा झाली तर नवल नाही. किल्ला या माळेतला मणी आहे. त्यावर इतिहास नंतर चढला.

वरचा मजला

‘शिवकाळापासून मुले किल्ले करतात’ असे आपण ऐकत आलो. मावळे मोहिमेवर गेल्यावर त्यांची पोरे किल्ले रचत, किंवा बाळ शिवाजीच सवंगड्यांसह असे खेळत, अशी दोन स्पष्टीकरणे सांगतात. दोन्ही प्रेमाने सांगितलेली आहेत आणि दोन्ही आठवणींतली आहेत. पण किल्ल्याच्या माथ्यावर जे चित्र बसते ते 6 जून 1674 नंतरचे, राज्याभिषेक झालेल्या छत्रपतींचे आहे. छत्र, सिंहासन, दरबार ही सगळी रायगडाची स्मृती. आणि ही स्मृती घरोघर पोचण्याचा काळ बराच अलीकडचा आहे.

1818 साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी गड घेतले. पुन्हा कोणी वर जाऊन बसू नये म्हणून अनेक ठिकाणच्या वाटा सुरुंग लावून तोडल्या. चावंड आणि जीवधनच्या उद्ध्वस्त पायऱ्या आजही ते सांगतात. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गड ओस पडले. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पवाडा लिहिला. 1883 मध्ये जेम्स डग्लसने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात रायगडावरच्या समाधीच्या दुरवस्थेबद्दल लिहिले. 1895 मध्ये टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभारली आणि 1896 मध्ये रायगडावर उत्सव झाला. पुढे शाळा आल्या, शाळांबरोबर दिवाळीची सुट्टी आली आणि चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने महाराजांचे चित्र प्रत्येक घरात नेले.

खरे गड मोडून पडल्यावर अंगणातला गड उंच होत गेला, असा हा क्रम मला दिसतो. डोंगर होताच. त्याच्या माथ्यावर हरवलेले राज्य बसवले गेले. मुलगे वरच्या मजल्यात रमले आणि खालच्या मजल्यावर आईच्या गवळणी तशाच राहिल्या.

चेटकिणीचे घर

मुलांच्या सुट्टीतल्या खेळात मोठ्यांचे दुःख असे मुरलेले असणे ही आपलीच खासियत नाही. नाताळात जर्मनीत आणि तिथून पसरत जगभर मुले ‘जिंजरब्रेड’चे घर करतात. आले, दालचिनी, मध घातलेल्या कडक बिस्किटांच्या भिंती, साखरेच्या पाकाचा चुना आणि वर रंगीत गोळ्यांची कौले. न्यूरेंबर्ग शहर या मसालेदार भाकरीसाठी काही शतके प्रसिद्ध आहे. पण घराला लोकप्रियता मिळाली ती ग्रिम बंधूंच्या 1812 च्या कथासंग्रहातल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीमुळे. 1893 मध्ये हुम्परडिंकने तिच्यावर संगीतिका केली, ती आजही नाताळात होते.

गोष्ट आठवून पाहा. घरात खायला नाही म्हणून आईबाप मुलांना जंगलात सोडून येतात. भुकेलेल्या मुलांना भाकरीच्या भिंतींचे आणि साखरेच्या खिडक्यांचे घर दिसते आणि त्या घरात मुले खाणारी चेटकीण असते. दुष्काळाची ही गोष्ट आहे. तेच घर आज मुले नाताळात आईच्या मदतीने रचतात आणि मजेत खाऊन टाकतात. भीतीची जागा हाताने बांधली, हवी तशी सजवली आणि शेवटी मोडली की ती आपल्या ताब्यात येते.

मुलांनी केलेली दुरुस्ती

आपला किल्लाही वेढ्याची, उपासमारीची, कत्तलीची जागा होता. मुले त्यातले काय ठेवतात आणि काय गाळतात, हे पाहण्यासारखे आहे.

शिवनेरीवर 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. पण तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. 1637 पासून तो मोगलांकडे होता. 1657 मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घालून मोठी लूट आणि घोडे नेले, तरी वरचा गड मोगलांच्याच हाती राहिला. मराठ्यांकडे तो आला महाराजांच्या पश्चात. जुन्नरकडची मुले मात्र दरवर्षी शिवनेरी करतात आणि त्याच्या माथ्यावर महाराजांना सिंहासनावर बसवतात. इतिहासकार याला चूक म्हणेल. मला ती एक दुरुस्ती वाटते. जन्मघर ज्याचे त्याला परत देऊन टाकण्याची.

आणि एक गाळलेली जागा. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची तिथे कत्तल झाली, असे परंपरा सांगते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात आजही हा समाज मोठ्या संख्येने राहतो. किल्ल्याच्या चित्रांत कोळी मी कधी पाहिला नाही. मुलांनी तो वगळला असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारात तो साचाच नसतो आणि साचा काढावा असे मोठ्यांना वाटलेले नाही. खालच्या मजल्यावर अजून जागा आहे, एवढेच म्हणतो.

गुहेतल्या वाघाचे मात्र उलटे झाले आहे. आमच्या लहानपणी तो निव्वळ मातीचा होता. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात बिबट्या राहू लागला. त्याची पिल्ले उसातच जन्मतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. या तालुक्यांत माणसे दगावली आहेत, त्यांत लहान मुलेही आहेत. आम्ही दिवाळीत किल्ल्यावर पणत्या लावून रात्री उशिरापर्यंत अंगणात लोळत असू. आता तिन्हीसांजेला मुलांना घरात घेतात आणि किल्ल्याचे काम उन्हातच उरकते. तरी गुहा पोखरली जाते आणि तिच्यात वाघ बसतो. त्या दिवशी मुलाने तो आत ठेवला आणि गुहेच्या तोंडाशी काटक्यांचे कुंपण रोवले. असे कुंपण आम्ही कधी केले नव्हते.

खोके

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत शिवनेरी आहे, रायगड आहे आणि सभासदाने जिथे बखर लिहिली ती तमिळनाडूतली जिंजीही आहे. याचा आनंद मोठा आहे. आता अंगणातल्या किल्ल्यांच्याही स्पर्धा होतात. हुबेहूब प्रतिकृतींना बक्षिसे मिळतात, मुले नकाशे पाहून दरवाजे मोजतात. शहरात अंगण उरले नाही तिथे प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत आणून गॅलरीत ठेवतात. यात वाईट काही नाही. मुलांना गडाची माहिती होते.

काळजी खालच्या मजल्याची वाटते. हुबेहूब प्रतिकृतीत गवळणीला जागा नसते, कारण नकाशात ती नाही. तयार किल्ल्याला पेरता येत नाही, त्यात गुहा पोखरता येत नाही आणि दिवाळीनंतर तो पावसात विरघळूनही जात नाही. वरचा मजला टिकेल. त्याच्यामागे पुस्तके, शासन, युनेस्को उभे आहेत. गोकुळाच्या मागे सारवलेले अंगण आणि गोठ्यातले शेण एवढेच होते. लोणीतही आता बऱ्याच घरांपुढे फरशी आहे.

त्या दुपारी मी मुलीला माझ्या परीने उत्तर दिले. म्हटले, “ती आधीपासून इथेच होती गं. गड नंतर आला.”

तिने थोडा विचार केला. मग वाटेवरची गवळण उचलून वर नेली आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला, तळ्याच्या काठावर ठेवली. भाऊ ओरडला, “तिची जागा खाली असते!” ती म्हणाली, “रात्री वाघ येतो ना खाली.” त्यावर त्याला काही बोलता आले नाही. मडक्याचा टवका उडालेली ती जुनी गवळण भाऊबीजेपर्यंत तिथेच होती. नंतर कागदात गुंडाळून तिला खोक्यात ठेवताना मी पाहिले.